मीठ बघ जरा: सुलतानांचे बावर्चीखाने आणि आपली चूल

धुळ्याहून आग्रा रोडने निघून खलघाटला नर्मदा ओलांडली, की डाव्या हाताला मांडूचं पठार लागतं. जहाज महाल, हिंडोळा महाल, होशंगशाहची कबर आपण सहलीत पाहतो, रूपमती आणि बाजबहादूरची कहाणी ऐकतो आणि परत येतो. याच मांडूत पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक पुस्तक तयार झालं. त्याची गोष्ट मात्र गाईडकडून क्वचितच ऐकायला मिळते. ते पुस्तक आहे स्वयंपाकाचं. एका बापाने ते सुरू करवलं आणि त्याच्या कर्त्या मुलाच्या कारकिर्दीत ते पूर्ण झालं. बापलेकांच्या नात्यात मात्र या पुस्तकाने गोडवा आणला नाही. म्हणूनच त्याची गोष्ट आज आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून पुन्हा ऐकण्यासारखी आहे.

बापाचं नाव सुलतान गयासुद्दीन खिलजी. तो १४६९ मध्ये माळव्याच्या गादीवर आला. बापाच्या हाताखाली पुष्कळ लढाया करून झाल्या होत्या. आता राज्याचा कारभार मुलाने पाहावा, आपण सुखात राहावं, असं त्याने ठरवलं. खाण्याचा त्याला मोठा शौक होता. त्याच्यासाठी फारसीत लिहिल्या गेलेल्या या ग्रंथाचं नाव ‘निअमतनामा’. निअमत म्हणजे अल्लाहने दिलेली देणगी. त्यात खिमा भरलेले समोसे आहेत, भात आहेत, कढी आहे, सरबतं आहेत, पानाचे विडे आहेत, अत्तरं आहेत. शिकारीला जाताना बरोबर काय न्यावं, हेही आहे. गुलाबपाणी, कापूर, कस्तुरी यांचा वापर सढळ. मजकूर फारसी असला तरी पदार्थांची आणि जिनसांची देशी नावं जागोजागी येतात. पन्नासेक चित्रं आहेत. मिशीवाला सुलतान बसलेला आहे आणि त्याच्यासमोर चुलीवर भांडी चढलेली आहेत, असा देखावा त्यांत वारंवार दिसतो.

गयासुद्दीनचा मुलगा नासिरुद्दीन १५०० मध्ये गादीवर बसला. ग्रंथाचं उरलेलं काम त्याच्या काळात झालं आणि पुस्तकाला नावही त्याचंच जोडलं गेलं. पुढे ही प्रत टिपू सुलतानच्या ग्रंथालयात होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांच्या हाती गेली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. २००५ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं, तेव्हापासून खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकांत तिची पुष्कळ चर्चा होते.

एका चुलीच्या नादाने बापलेक जवळ आले, असं वाटायला लावणारी ही कथा आहे. पण नासिरुद्दीन गादीवर आल्यावर काही महिन्यांतच गयासुद्दीन वारला आणि मुलाने बापाला विष दिलं अशी वदंता पसरली. ती खरी की खोटी यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण ती शंभर वर्षांनंतरही माळव्यात जिवंत होती. बादशाह जहांगीर १६१७ मध्ये मांडूला मुक्कामी आला तेव्हा त्याने ही हकीकत ऐकली आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवली. त्याच्या लिहिण्यानुसार, मुलाने दोनदा विष दिलं आणि बापाने दंडावर बांधलेल्या जहरमोहऱ्याच्या जोरावर दोन्ही वेळा ते उतरवलं. तिसऱ्यांदा मुलाने सरबताचा पेला स्वतःच्या हाताने पुढे केला. म्हाताऱ्याला सगळं कळलं. त्याने दंडावरचा जहरमोहरा सोडून ठेवला, अल्लाहचं नाव घेतलं आणि पेला तोंडाला लावला.

ज्या घराण्याच्या पुस्तकात सरबतांच्या इतक्या कृती आहेत, त्याच घराण्यात मुलाने बापाला दिलेला शेवटचा पेला सरबताचा असावा, हे वाचताना अंगावर काटा येतो. जहांगीर तर इतका संतापला की त्याने नासिरुद्दीनच्या कबरीला लाथा मारल्या, बरोबरच्या लोकांनाही मारायला लावल्या आणि कबरीतली हाडं काढून नर्मदेत टाकायला सांगितली.

रविवारची खिचडी

जहांगीरच्या या रागामागे त्याचा स्वतःचा भूतकाळ होता. शहजादा सलीम असताना १६०० ते १६०४ या काळात तो अलाहाबादेत बसून बापाविरुद्ध, अकबराविरुद्ध, बंड करत होता. अकबराचा जिवलग अबुल फझल याला त्याने १६०२ मध्ये मारवलं आणि पुढे हे स्वतःच्या लेखणीने कबूलही केलं. हाच अबुल फझल ‘आईन-ए-अकबरी’चा लेखक. त्यात शाही मतबखाचं, म्हणजे मुदपाकखान्याचं, सविस्तर वर्णन आहे आणि पदार्थांची प्रमाणंही आहेत. खिचडीला तांदूळ ५ शेर, डाळ ५ शेर, तूप ५ शेर आणि मीठ एक तृतीयांश शेर. एवढ्यात सात थाळे होतात, असा हिशेब त्याने दिला आहे. तुपाचं प्रमाण पाहून आजच्या डॉक्टरला घाम फुटेल.

खिचडी हे मुळात गोरगरिबांचं अन्न. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने नोंद केली आहे, की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खातात आणि त्यावर न्याहारी करतात. हीच खिचडी मोगलांच्या दस्तरखानावर चढली. मांडूहून जहांगीर गुजरातेत गेला. तिथे १६१८ मध्ये त्याने बाजरीची खिचडी खाल्ली, ती त्याला आवडली आणि ज्या दिवशी आपण गोश्त खात नाही त्या दिवशी ही आणत जा, असा हुकूम त्याने दिला.

गोश्त न खाण्याचे हे दिवस कोणते? गादीवर बसताच त्याने आठवड्यातल्या दोन दिवशी जनावरं कापायला बंदी केली होती. एक गुरुवार, कारण तो त्याच्या राज्यारोहणाचा वार. दुसरा रविवार, कारण तो अकबराचा जन्मवार आणि अकबर त्या वाराला मान देत असे. म्हणजे ज्या बापाशी हयातीत पटलं नाही, त्याच्या वाराला मुलगा गोश्त सोडत होता आणि त्या दिवसासाठी त्याने खिचडी नेमून दिली होती. बाप गेल्यावर त्याच्या आवडीनिवडी, त्याचे वार सांभाळणारी मुलं आपल्या ओळखीतही असतात. बाप जिवंत असताना त्याच्याशी धड बोलणं होत नाही. तो गेल्यावर मात्र त्याला कोणतं वांगं आवडायचं, हे बाजारात उभं राहून आठवतं.

दख्खनमधून एक मागणी

जहांगीरचा नातू औरंगजेब. त्याच्या आयुष्यातली अखेरची पंचवीसएक वर्षं दख्खनमध्ये, म्हणजे बरीचशी आपल्याच महाराष्ट्रात, छावणीत गेली. त्याने बाप शाहजहानला आग्र्याच्या किल्ल्यात आठ वर्षं कैदेत ठेवलं होतं. त्याचा स्वतःचा मुलगा शहजादा अकबर १६८१ मध्ये बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला. दुसरा मुलगा मुअज्जम याला त्याने १६८७ मध्ये कैद केलं. या घराण्यात बापलेकांचं नातं कसं होतं, हे सांगायला एवढं पुरे.

या औरंगजेबाची पत्रं ‘रुक्आत-ए-आलमगिरी’ या नावाने संग्रहित आहेत. त्यांत तिसरा मुलगा आझमला लिहिलेलं एक छोटं पत्र आहे. हिवाळ्यात तुझ्याकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची चव अजून आठवते, असं बाप लिहितो. तुझ्याकडचा बिर्याणी करणारा बावर्ची मी मागितला होता, तो तू दिला नाहीस. निदान त्याच्या हाताखाली तयार झालेला एखादा शागीर्द सापडला तर पाठव. आणि मग स्वतःवरच हसल्यासारखं म्हणतो, की केस पांढरे झाले तरी हौस काही पूर्ण सुटलेली नाही. आझमने पाठवलेल्या आंब्यांना औरंगजेबाने ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’ अशी संस्कृत नावं दिल्याचाही उल्लेख याच पत्रसंग्रहात आहे.

औरंगजेबाविषयी आपल्याकडे जे बोललं जातं त्यात हे पत्र कुठे बसवायचं, असा प्रश्न काहींना पडेल. मला ते कुठे बसवायचंच नाही. मला त्यात दिसतो तो काबूलपासून दख्खनपर्यंत हुकूम चालवणारा एक म्हातारा, जो मुलाच्या घरची खिचडी आठवतो आहे आणि त्याच्याकडे जे मागतो आहे तो बावर्ची. बेटा, ये, सोबत जेवू, असं या पत्रात कुठे नाही. मुलगाही बावर्ची देत नाही. चवीची आठवण आहे, माया आहे, रुसवाही आहे. पण सगळं तिसऱ्या माणसाच्या मार्फत.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगारला औरंगजेब वारला. त्याच्या थोडंच आधी त्याने आझमला माळव्याकडे रवाना केलं होतं. आझम वाटेतून परतला. मय्यत खुलदाबादला नेऊन दफन केली गेली. जून महिन्यात जाजऊच्या लढाईत आझम भाऊ मुअज्जमशी लढताना मारला गेला.

शिक्का आणि चमचा

या दोन राजघराण्यांच्या गोष्टींत एक माणूस सगळीकडे उभा असतो. त्याचं नाव बकावल. ‘आईन-ए-अकबरी’त त्याचं काम तपशिलाने दिलं आहे. अन्न शिजलं की आधी आचारी आणि बकावल चव घेत, नंतर मीर बकावल घेई. सोन्याचांदीची भांडी लाल कापडात, तांब्याची आणि चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधली जात. त्यांवर मीर बकावलाचा शिक्का बसे आणि मग पहाऱ्यात ती बादशाहपुढे जात. एवढा बंदोबस्त कशासाठी? विषाच्या भीतीने. आणि विष घालणारा कोण असू शकतो? इतिहास सांगतो, की बहुतेक वेळा भाऊ, पुतण्या नाहीतर मुलगा.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. सालन उकळतंय. आई चमचाभर रस्सा काढते, फुंकर मारते, मुलीच्या तळहातावर ओतते आणि म्हणते, ‘मीठ बघ जरा.’ काम तेच, बकावलाचं. राजवाड्यात चव घेतली जायची ती भरवसा नव्हता म्हणून. इथे घेतली जाते ती भरवसा आहे म्हणून. माझ्या जिभेपेक्षा तुझी जीभ आज बरोबर सांगेल, असं आई मुलीला सांगत असते. लहान मुलाला चाखायला देणं हे लाड झाले. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलाला ‘मीठ बघ’ म्हणणं वेगळं. त्यात आपला अधिकार थोडा सोडावा लागतो. तो ‘अम्मी, कमी आहे’ म्हणाला, तर मान्य करून वर चिमूट टाकावी लागते.

निअमतनाम्याच्या पुष्कळशा कृतींत प्रमाण दिलेलं नाही. हे हे घाला, चांगलं शिजवा, सुवासिक करा, एवढंच. अभ्यासकांना याची अडचण वाटते. आपल्या घरातल्या बायकांना वाटणार नाही. आजीला विचारा, मसाला किती? ती म्हणते, ‘अंदाजाने.’ अंदाज हा फारसीतून आलेला शब्द आपण मराठीत इतका मुरवला, की तो परका वाटत नाही. पण अंदाज लिहून देता येत नाही, फोनवर सांगताही येत नाही. आखातात नोकरीला गेलेला मुलगा खोलीवर आपली पाळी आली की आईला फोन लावतो. कांदा कितपत लाल करू, विचारतो. आई म्हणते, वास बदलला की कळेल. कोणता वास, हे तिला शब्दांत सांगता येत नाही. ते तिच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

रमजानमध्ये हे विशेष जाणवतं. मूल लहान असतं, रोजा धरत नसतं, तोवर अस्रनंतर स्वयंपाकघरात त्याला हाक मारतात आणि चव घ्यायला लावतात. ते मोठं होतं, रोजे धरू लागतं आणि घरातला हा चाखणारा जातो. गरजेपुरतं जिभेच्या टोकावर लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं उलेमा सांगतात. तरी अनेक घरांत ते टाळलंच जातं. मग आई आणि मोठी मुलगी, दोघीही रोज्याने, पातेल्यावर वाकून नुसता रंग बघतात, वास घेतात, रस्सा किती दाट झाला ते चमच्याने अजमावतात. मीठ बरोबर पडलं की नाही, ते मगरिबच्या अजाननंतरच कळणार असतं. दोघींची परीक्षा एकाच वेळी. ज्यांनी असे चार-पाच रमजान एकत्र काढले, त्यांना एकमेकींचा अंदाज येतो. मिठाचा तर येतोच.

माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. सुट्टीत घरी आली की तिला समोर बसवून काही विचारलं तर उत्तर एका शब्दात मिळतं. बरं आहे. ठीक आहे. बघू. गेल्या रमजानमध्ये तिच्या अम्मीची तब्येत बरी नव्हती, म्हणून आठवडाभर इफ्तारीचं आम्ही दोघांनी पाहिलं. मी कांदे चिरायला, ती चुलीपाशी. तिसऱ्या दिवशी, कढईकडे बघतच, ती म्हणाली, ‘अब्बा, त्या स्थळाला मी हो म्हणणार नाहीये.’ मी चिरत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, ‘का?’ तिने सांगितलं. सविस्तर सांगितलं. मधे दोनदा ‘गॅस कमी कर’, ‘कोथिंबीर दे’ असं चाललं होतं. समोरासमोर बसून हे बोलणं झालं असतं तर मी बाप म्हणून काहीतरी बोललो असतो, तिनेही मुलगी म्हणून उलट उत्तर दिलं असतं. तिथे दोघांची नजर कढईवर होती आणि दोघांचेही हात कामात होते. कांद्यामुळे डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे तेही कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मोठ्या झालेल्या मुलांशी बोलायला अशा जागा लागतात. लहानपणी त्यांना आपली गरज असते म्हणून ती जवळ असतात. मोठेपणी ती नसते. तेव्हा दोघांनी मिळून करायचं, दोघांनाही भूक लागण्याआधी पुरं करायचं असं काम हाताशी असावं लागतं. स्वयंपाक हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि रोज उपलब्ध असणारं. राजवाड्यात बापाला ही सोय नव्हती. गयासुद्दीन चुलीसमोर बसून बघत होता, पण चित्रात मुलगा त्याच्या हाताशी कांदा चिरत बसलेला नाही. औरंगजेबाला खिचडी आठवत होती, पण ती आझमच्या हातची नव्हती, आझमच्या नोकराच्या हातची होती.

मोहर्रमचा खिचडा

आमच्याकडे पुरुष चुलीपाशी फिरकत नाहीत, अशी तक्रार बायका करतात आणि ती खोटी नाही. पण वर्षातून काही दिवस हेच पुरुष रात्रभर जाळासमोर बसतात. मोहर्रमच्या नवमीच्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी मोहल्ल्यांत खिचड्याच्या देगी चढतात. खिचडीचाच हा थोरला भाऊ. छडलेला गहू, तांदूळ, चण्याची, मसुराची, मुगाची डाळ आणि गोश्त. बायका दिवसभर गहू निवडून भिजत घालतात, आलं-लसूण वाटतात, कांदा तळून ठेवतात. रात्री देग पुरुषांच्या ताब्यात येते.

खिचड्याचं खरं काम घोटण्याचं. गहू आणि गोश्त एकजीव होईपर्यंत लांब दांड्याच्या लाकडी घोटण्याने तो घोटावा लागतो, नाहीतर बुडाला लागतो. एकट्याचं हे काम नाही. बापाचे दंड भरून आले की मुलगा दांडा हातात घेतो, मुलगा थकला की बाप. मुंबईला नोकरी करणारा, एरवी ईदलाच येणारा मुलगाही या रात्री येतो. लाकूड मागे ओढ, पाणी घाल, आता हळू, असं बाप सांगत असतो. काही वर्षांनी सांगणारा बदलतो. बाप खुर्ची टाकून बसतो आणि मुलगा सांगायला लागतो. हा बदल कोणत्या वर्षी झाला, ते कुणी लिहून ठेवत नाही. त्यासाठी कुणाला कैद करावं लागत नाही.

या रात्रींची संख्या कमी होते आहे, ही खरी चिंता आहे. कित्येक ठिकाणी आता देगीचं कंत्राट आचाऱ्याला दिलं जातं. खिचडा तयार मिळतो, चवीलाही चांगला असतो. कृती हवी असेल तर मोबाइलवर शंभर सापडतात. पदार्थ त्यामुळे जाणार नाही, तो टिकेल. कमी होईल ते बापलेकांनी एका दांड्याला आळीपाळीने हात लावण्याचं निमित्त. आचाऱ्याला पैसे देऊन आपण औरंगजेबासारखंच करतो. चव मागवतो आणि चवीपाशी उभं राहण्याची वेळ दुसऱ्याला देऊन टाकतो. म्हणून पुढच्या मोहर्रमला देग आचाऱ्याकडे द्यायची ठरली, तरी घोटायला घरातल्या दोघांनी तरी उभं राहावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मोहल्ल्यात देगच चढत नसेल, तर घरातलं पातेलंही चालेल. मुलाला किंवा मुलीला आधी तारीख सांगून ठेवा, रजा काढायला लावा. गहू आदल्या रात्री भिजत घालावा लागतो, तेव्हा एक दिवस आधीच बोलवा.